एका दिवसाच्या पाहुण्याची बाजू

"फ्लॉरेन्स? एका दिवसात? मग न गेलेलंच बरं."

इटलीचा बेत चारचौघांत सांगितला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणारा बहुधा तिथे चार-पाच दिवस राहून आलेला असतो. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि मोठेपणा जास्त असतो. रेनेसांस, मेडिची, बोतिचेल्ली ही नावं तो अशा काही सुरात घेतो की, रोमहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतणाऱ्याला आपण देवळात चपला घालून शिरतोय असं वाटावं.

दुसऱ्या टोकाला आपल्या फोनमधली रील्स आहेत. 'आठ तासांत फ्लॉरेन्स, चौदा ठिकाणं, सेव्ह करून ठेवा'. मागे कुठलं तरी गाणं, समोर दर दोन सेकंदांनी बदलणारं चित्र. डोम, पूल, डेव्हिड, जेलातो, सूर्यास्त. हे पाहून बेत आखणारा माणूस दिवसभर गुगल मॅप्सकडे बघत धावतो आणि रात्रीच्या गाडीत बसल्यावर आपण आज नक्की काय पाहिलं, ते स्वतःच्याच फोटोंमध्ये शोधतो.

हे दोघे एकमेकांची टिंगल करतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. शहर ही संपवायची गोष्ट आहे, असं दोघांनाही वाटतं. पहिला म्हणतो, एका दिवसात संपत नाही, म्हणून जाऊ नका. दुसरा म्हणतो, संपतं की, फक्त पळायला हवं.

तिसरा पक्ष अलीकडे तयार झालाय, तो म्हणजे शहरांचा कारभार. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी शहरात येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये असे दिवस वाढवले, आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी रक्कम दहा युरो केली. हे शुल्क कुणाला? जो सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो, त्याला. जो हॉटेलात मुक्काम करतो त्याला माफ, कारण तो हॉटेलच्या बिलातून पर्यटन कर भरतोच. म्हणजे गर्दीचा दोष कुणाचा, हे कागदावरच ठरलं.

या तिघांशीही मला भांडायचंय. एका दिवसासाठी रेल्वेने एखाद्या कलानगरीत जाणं ही अर्धवट, कमअस्सल किंवा लाजेची गोष्ट नाही. नीट आखली तर ती पाहण्याची उत्तम रीत आहे, आणि बहुतेकांसाठी ती एकमेव शक्य रीत आहे.

सावकाशी कुणाला परवडते?

'स्लो ट्रॅव्हल' हा शब्द ऐकायला फार गोड आहे. एकाच शहरात आठवडाभर राहा, रोज त्याच कॅफेत कॉफी प्या, शेजाऱ्यांची नावं पाठ करा. छान आहे. पण त्याआधी हिशोब करू.

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला शेंगेन व्हिसासाठी आधी नव्वद युरो भरावे लागतात. व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत. मग बँकेची स्टेटमेंट्स, पगाराच्या स्लिपा, इन्शुरन्स, परतीचं तिकीट, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा. वर्षाच्या रजेतून आठ-दहा दिवस जमवायचे, तेही मॅनेजरचा मूड बघून. या आठ-दहा दिवसांत रोम येणार, व्हेनिस येणार आणि आईने आवर्जून सांगितलेलं स्वित्झर्लंडही येणार. त्यात फ्लॉरेन्सच्या वाट्याला एक दिवस आला तर तो बेपर्वाईचा पुरावा कसा काय? तो काटकसरीने वाचवलेला दिवस आहे.

आणि हे फक्त पर्यटकांचंच नाही. मिलानला किंवा तुरिनला मास्टर्स करणारी साताऱ्याची मुलगी, तीन महिन्यांच्या ऑनसाइटवर म्युनिकला आलेला पुण्याचा मुलगा, बोलोन्यात मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलेले दोघे, अशी मंडळी आज युरोपभर आहेत. त्यांच्यापुढे 'एक दिवस की चार दिवस' असा प्रश्नच नसतो. त्यांच्यापुढे 'एक दिवस की शून्य' असा प्रश्न असतो. "एका दिवसासाठी जाऊ नका" म्हणणारा सज्जन प्रत्यक्षात त्यांना शून्याचा सल्ला देत असतो. बोतिचेल्लीवरच्या प्रेमापोटी आपण हे बोलतोय असं त्याला वाटतं, पण त्याच्या बोलण्याचा परिणाम एवढाच होतो की बोतिचेल्ली पाहणाऱ्यांतून एक साताऱ्याची मुलगी कमी होते.

शिवाय चार दिवसांत तरी काय संपतं? एकट्या उफिझीतल्या दालनांपुढे चार दिवस अपुरे पडतात. 'पुरेसं' पाहायचं म्हटलं तर चार वर्षंही कमीच. एक आणि चार यांतला फरक कमी-जास्तीचा आहे, पाप-पुण्याचा नाही.

उलट भसाभस पाहण्याचा त्रास या शहराला चांगला ठाऊक आहे. फ्रेंच लेखक स्तांधाल १८१७ मध्ये सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडला तेव्हा त्याची छाती धडधडत होती आणि आपण कोसळू अशी भीती त्याला वाटत होती. फ्लॉरेन्सच्याच ग्रात्सिएल्ला माघेरीनी या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा भोवळ आलेल्या, भांबावलेल्या प्रवाशांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या त्रासाला स्तांधालचं नाव दिलं. त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा आजार मानायचा की नाही, यावर वाद घाला हवं तर. पण एका दुपारी दोनशे मॅडोना पाहिल्यावर दोनशे एकावी दिसेनाशी होते, एवढं मान्य करायला डॉक्टर कशाला हवा?

आपल्याकडे याला नाव आहे

गंमत म्हणजे कमी पाहण्याचं शास्त्र आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. पंढरपूरला जाणारा माणूस एका मूर्तीसाठी जातो. तासन् तास रांगेत उभा राहतो आणि पायांवर डोकं टेकवायला त्याला काही क्षण मिळतात. तेवढ्याने त्याचं भागतं. आषाढीच्या गर्दीत आत जाता आलं नाही तर तो लांबूनच कळसाचं दर्शन घेतो, हात जोडतो आणि परतीची एस.टी. पकडतो. आपण पंढरपूर 'पूर्ण केलं नाही' अशी खंत त्याला वाटत नाही. 'पूर्ण करणं' ही भाषाच तिथली नाही.

आता फ्लॉरेन्सचा डोम घ्या. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो बांधला, तोही खालून लाकडी साच्याचा आधार न देता. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी ठरवून तिकीट काढावं लागतं. एका दिवसाच्या पाहुण्याने त्या चढायलाच हव्यात का? मी म्हणेन, नको. त्यात दीड-दोन तास जातात, पोटऱ्या जातात, आणि वर पोचल्यावर शहरातली एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे स्वतः डोम. तो खालून बघा. एखाद्या गल्लीच्या टोकाला अचानक लालसर विटांचा तो केवढा तरी फुगवटा समोर येतो, ते बघा. कळसदर्शन घ्या आणि पुढे चला. ज्याला चढायचंय त्याने जरूर चढावं, पण मग त्या दिवशीचं मुख्य काम तेवढंच, हे धरून चालावं.

गर्दी कुणाची?

आता कारभाऱ्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं मी खोटं ठरवणार नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात दुओमोच्या भोवती चालता येत नाही, पाँते वेक्कियोवर हलता येत नाही. बसमधून उतरून झेंड्यामागे धावणारे, एक पाण्याची बाटली आणि एक फ्रिज मॅग्नेट घेऊन परत बसमध्ये चढणारे जथ्थे शहराला देत काहीच नाहीत आणि जागा मात्र अडवतात. ही तक्रार खरी आहे.

पण शहराला पोखरतं कोण, हा प्रश्न वेगळा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने जुन्या शहरात, म्हणजे १९८२ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या भागात, घरं थोड्या दिवसांसाठी पर्यटकांना भाड्याने द्यायला नव्याने परवानगी द्यायची नाही, असं ठरवलं. त्यावर कोर्टकज्जे झाले, पण ठरवावं लागलं ते का? कारण घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा जास्त किफायतशीर वाटतो. मग विद्यार्थी, नर्स, गवंडी, शिक्षक शहराबाहेर ढकलले जातात. किराणा दुकानाच्या जागी बॅगा ठेवायचं दुकान येतं. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गावांत ज्यांनी हे होताना पाहिलंय, त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे 'जबाबदार' म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो चार दिवस अपार्टमेंट घेऊन 'स्थानिकांसारखं' राहणारा प्रवासी ज्या खोलीत झोपतो, तिथे कधी काळी एखादा खराखुरा स्थानिक झोपत असे. एका दिवसाचा पाहुणा मात्र रात्री नऊच्या गाडीने निघून जातो. त्याच्यामुळे कुणाचं घर जात नाही.

"पण तो पैसेही सोडून जात नाही ना!" सोडतो की. म्युझियमचं तिकीट काढतो, दोन वेळा जेवतो, कॉफी पितो, ट्रॅमने फिरतो. आणि न सोडणारा असेल, तर त्याला तसं वागायला शिकवणारी ती चौदा ठिकाणांची यादी आहे. इतक्या धावपळीत बसून जेवायला वेळ कुठे असतो? शुल्क लावायचंच तर सगळ्यांना एकाच मापाने लावा, किंवा गर्दीच्या तासांना लावा. एकट्या रेल्वेवाल्या गरीब पाहुण्याला दारात अडवून, आत राहणाऱ्या श्रीमंताला पायघड्या घालायच्या आणि त्याला शहर वाचवणं म्हणायचं, हे पटत नाही.

या शहराने तर असं वागूच नये, कारण त्याची सगळी दौलत एका करारावर उभी आहे. मेडिची घराण्यातली शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा. घराणं संपणार आणि तोस्काना दुसऱ्या राजघराण्याच्या हाती जाणार, हे तिला दिसत होतं. १७३७ च्या करारात तिने अट घातली की घराण्याची चित्रं, शिल्पं, ग्रंथ, रत्नं यांतलं काहीही शहराबाहेर न्यायचं नाही. कारणंही नोंदवली: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग, आणि परदेशी माणसांच्या कुतूहलाला आमंत्रण. १७६९ मध्ये उफिझी लोकांसाठी खुलं झालं. परदेशी पाहुणा हा त्या संग्रहाला नंतर चिकटलेला उपद्रव नाही. कागदपत्रांत त्याची जागा पहिल्यापासून राखून ठेवलेली आहे. तो किती रात्री राहिला पाहिजे, असं काही त्या बाईंनी लिहिलेलं नाही.

गाडीच का?

मुंबईची लोकल पकडून मोठा झालेला माणूस या कामात इतरांच्या पुढे आहे, हे आधी सांगून टाकतो. ८.१३ म्हणजे ८.१३, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. इटलीच्या एका दिवसासाठी एवढी एक शिस्त पुरते.

रोम ते फ्लॉरेन्स ही युरोपातली पहिली हायस्पीड लाइन. तिचा पहिला टप्पा १९७७ मध्ये सुरू झाला, म्हणजे फ्रान्सच्या सुप्रसिद्ध टीजीव्हीच्या आधी, आणि ती पूर्ण झाली १९९२ मध्ये. आज फ्रेच्चारोस्सा किंवा इतालोच्या गाडीने दीड-पावणेदोन तासांत पोचता येतं. मिलानहून साधारण दोन तास, व्हेनिसहून दोनाच्या थोडं वर, बोलोन्याहून जेमतेम पाऊण तास. डोंबिवलीहून चर्चगेट गाठायला कधी कधी यापेक्षा जास्त वेळ लागतो.

स्टेशन ऐन शहरात आहे. सांता मारिया नोवेल्ला नावाचं, १९३० च्या दशकात बांधलेलं, आडवं-सपाट, तपकिरी दगडाचं. बाहेर पडलात की समोर त्याच नावाच्या चर्चची मागची बाजू, आणि तिथून दहा मिनिटं चाललं की दुओमो. टॅक्सी नको, पार्किंग नको. मोटारीने जाणाऱ्याला जुन्या शहरात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि चुकून शिरला तर काही महिन्यांनी दंडाची चिठ्ठी घरी येते. आगगाडीने उतरणारा मात्र दोन पायांवर थेट पंधराव्या शतकात शिरतो.

तिकिटाच्या चार गोष्टी, पटापट. हायस्पीडचे दर विमानासारखे असतात: लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट. सगळ्यात स्वस्त तिकीट बहुतेक वेळा बदलता येत नाही, म्हणून जाताना स्वस्तातलं आणि येताना थोडं सैल, बदलता येणारं घ्या. रेजोनालेचं, म्हणजे साध्या गाडीचं भाडं ठरलेलं असतं. ती कधीही काढा, तेवढीच. पण रोमहून तिला साडेतीन-चार तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचा जीव जातो. पिसा, लुक्का किंवा आरेत्सोला राहत असाल तर तीच साधी गाडी उत्तम. साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करा, नाही तर टीसी दंड लावतो. आणि तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा: काही गाड्या सांता मारिया नोवेल्लाला न थांबता काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात.

वाराचंही बघा. सोमवारी उफिझी बंद, डेव्हिडची आक्कादेमियाही बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियमं फुकट असतात, त्यामुळे रांगा मारुतीच्या शेपटासारख्या. एकाच दिवसाच्या पाहुण्याने हे दोन्ही दिवस टाळावेत.

तीनच गोष्टी

माझा नियम सोपा आहे. दिवसाला तीन गोष्टी: एक आधी ठरवलेली, एक रांग नसलेली, एक यादीत नसलेली. बाकी चालणं आणि खाणं.

ठरवलेली म्हणजे तिकीट आधी काढून, वेळ पक्की करून, सकाळी पहिल्या तासात गाठायची. उफिझी किंवा आक्कादेमिया, दोन्ही नाही. उफिझी घेतलंत तर आत गेल्यावरही सगळं पाहू नका. पाच चित्रं आदल्या रात्री फोनवर निवडा आणि त्या पाचांपुढे प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं उभे राहा. आक्कादेमिया घेतलंत तर डेव्हिडच्या आधी, वाटेतच, मायकेलअँजेलोचे अर्धवट 'कैदी' आहेत. दगडातून बाहेर पडायला धडपडणारी ती शरीरं लोक ओलांडून पुढे पळतात, तुम्ही थांबा. आणि डेव्हिडचं फक्त 'दिसला' एवढंच समाधान हवं असेल तर १९१० पासून त्याची प्रतिकृती पियाझ्झा देल्ला सिन्योरियात फुकट उभी आहे. मूळ पुतळा तिथेच होता, १८७३ मध्ये तो आत हलवला.

रांग नसलेल्या गोष्टी या शहरात इतक्या आहेत की यादीवाल्यांची कीव येते. स्टेशनला लागून असलेल्या सांता मारिया नोवेल्लातच मसाच्योचं 'त्रिमूर्ती' आहे, १४२७ च्या आसपासचं. सपाट भिंतीवर रंगवलेली कमान अशी खोल जाते की हात घालून बघावंसं वाटतं. गणिती पर्स्पेक्टिव्ह चित्रकलेत पक्कं रुजलं ते जिथून, त्यांपैकी ही एक भिंत. खाली एक सांगाडा रंगवलाय, बघणाऱ्याला त्याच्या मरणाची आठवण द्यायला. सोळाव्या शतकात या चित्रावर वेदी बांधून ते झाकलं गेलं, एकोणिसाव्या शतकात पुन्हा सापडलं. गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांत तुम्ही त्याच्यासमोर असता, आणि लोक त्याच्या पाठीमागून बॅगा ओढत दुओमोकडे धावत असतात.

किंवा सान मार्कोचा मठ. वरच्या मजल्यावर साधूंच्या लहान लहान खोल्या, आणि प्रत्येक खोलीत फ्रा आंजेलिकोने १४४० च्या सुमारास काढलेलं एक भित्तिचित्र. एका खोलीला एक चित्र! त्या साधूने आयुष्यभर तेवढंच पाहायचं होतं. कमी पाहण्याचा यापेक्षा मोठा वकील मला माहीत नाही. एवढं ध्यानात ठेवा की हे म्युझियम दुपारी लवकर बंद होतं.

जेवायला मात्र बसा. सांताम्ब्रोजोच्या बाजाराकडे वळा. रिबोल्लिता मागवा: शिळा पाव, काळपट कोबीची पानं आणि पांढरे घेवडे यांचं घट्ट कालवण, नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. काल उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करून खाणाऱ्या घरातल्या माणसाला हे अन्न लगेच ओळखीचं वाटेल. तिथला पाव अळणी असतो, तक्रार करू नका, तो तसाच असतो.

आणि पिसा? "तासभरावर तर आहे, येता येता उरकून टाकू" हा विचार मनात आला की पाणी प्या आणि तो जाऊ द्या.

यादीत नसलेलं

तिसरी गोष्ट प्रत्येकाने आपापली शोधावी. मराठी माणसासाठी मात्र ती या शहरात दीडशे वर्षांपासून थांबलेली आहे.

आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेकडे पसरलेलं कासिने नावाचं लांबच लांब उद्यान आहे. ट्रॅम त्याच्या शहराकडच्या टोकाला सोडते. तिथून झाडांखालून चालत राहिलं की पाऊण-एक तासाने, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री दिसते. घुमटीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथला प्रवास त्यांनी डायरीत लिहून ठेवला, आणि परतताना आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस वर्षांचं. त्यांची डायरी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये छापली. कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं.

त्या काळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि प्रेत जाळणं ही तिथे अघटित गोष्ट. तरी खास परवानगी देऊन शहराने संगमाची जागा उपलब्ध करून दिली आणि तिथे रात्री हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाला. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, पुतळा चार्ल्स फुलर यांचा. आज शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक 'पाँते आल्लिंदियानो' म्हणतात, म्हणजे 'इंडियनापाशी असलेला पूल'. हा इंडियन कोण, हे पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. पण नाव टिकलंय.

तिथे जाऊन यायला दोन-अडीच तास लागतात, म्हणजे दिवसाचा पाव हिस्सा. एकही रील तिथे जायला सांगत नाही. तिथे रांग नाही, तिकीट नाही, बहुधा कुत्रं फिरवणारा एखादा म्हातारा असेल. चार दिवस राहणाऱ्या विद्वानांनाही ती जागा क्वचितच माहीत असते. पण परक्या माणसाशी शहर कसं वागतं, हे समजायला याहून चांगलं ठिकाण नाही. आपल्यात न बसणारा, आपल्या धर्माचा नसलेला, फक्त वाटेत थांबलेला एक पाहुणा, आणि त्याला नदीकाठची जागा देणारं शहर. शुल्क लावणाऱ्या कारभाऱ्यांनी एकदा तिकडे चक्कर मारून यावी.

तेव्हा जा. मंगळवार ते शनिवारमधला एक दिवस निवडा. गाडी सातच्या आतबाहेरची पकडा, परतीची रात्री आठनंतरची ठेवा, कारण संध्याकाळी बसचे जथ्थे गेल्यावर शहर थोडं आपल्याकडे येतं. मधल्या बारा तासांत तीन गोष्टी पाहा आणि एकदा बसून जेवा. घरी आल्यावर कुणी विचारलं, "काय हे, उफिझी पाहिलंच नाहीस?" तर शांतपणे सांगा, नाही, पुढच्या वेळी. आणि पुढची वेळ कधी आलीच नाही, तरी एका भिंतीसमोर तुम्ही अर्धा तास उभे होतात, तो हिशोब कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.